हेल्मेटचा आहेर

आमच्या गल्लीतून मोटारसायकलवर जाताना मागून कोणी जिवाच्या आकांतानं "स्टँड! ओ भाऊ, स्टँड दखा ना!" असं ओरडलं, तर मुकाट्यानं थांबा आणि स्टँड वर घ्या. तसेच पुढे गेलात तर ओरडणारे गृहस्थ रिक्षा करून तुमच्या मागे येतील. खोटं नाही सांगत. एका पोरानं कानात गाणी लावली होती, त्याला काही ऐकू गेलं नाही, तर आमचे सुकदेवनाना रिक्षानं त्याच्यामागे थेट नशिराबादपर्यंत गेले. तो पठ्ठ्या टपरीवर चहा पीत उभा, गाडी शेजारी स्टँडवर लावलेली. नानांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आता बराबर शे. पण येताना असंच लावून आलास तू!"

मी शोभा. जळगावात रेल्वे लाइनीला लागून आमची वसाहत आहे, तिच्या तोंडाशीच माझी पिठाची गिरणी. गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून माझा आवाज चढलेला, आणि स्वभाव तर जन्मापासूनच चढलेला. त्यामुळे नानांशी समोरासमोर भांडू शकेल असं वसाहतीत माझ्याशिवाय कोणी नाही.

नाना एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी जळगाव-धुळे रस्त्यावर गेली. रिटायर झाले, पण घंटीची दोरी काही हातातून सुटली नाही. कोणाची ओढणी गाडीच्या चाकाकडे लोंबली, कोणी गच्चीच्या कठड्यावर पोर बसवलं, कोणाच्या गॅसची नळी जुनी झाली, की नाना हजर. तोंडात एकच वाक्य: "आधी जीव, मंग गाव!" एरवी बोलणं शहरी, पण उत्साहात आले की गावाकडची खानदेशी सुटते. आणि नाना उत्साहात नाहीत अशी वेळ दिवसात फारशी येत नाही.

नवीन माणसं मला हळूच विचारतात, "त्यांच्या घरात कोणाचा अपघात झाला होता का हो?" अहो, कुठला अपघात! नानांच्या बसला कधी ओरखडाही आला नाही. बायको गेली ती कावीळ होऊन. एकुलती एक मुलगी मनीषा, ती धुळ्याला दिली, सुखात आहे. माणूस मुळातच असा आहे, त्याला काय करणार?

माझ्या गिरणीत तर त्यांनी जीव नको केला होता. पट्ट्याला जाळी बसव, म्हणे. मी म्हटलं, "नाना, माझी गिरणी आहे, माझा पदर आहे, तुमचं काय जातं?" तर हे दळणाचा डबा घेऊन दारात उभे, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगतायत, "आत जाऊ नका, शोभाताईला जीव नकोसा झालाय!" शेवटी बसवली बाई जाळी. आता बसवल्यावर रोज येऊन ती जाळी हलवून बघतात, ते वेगळंच.

तर मागच्या दिवाळीनंतर आमच्या वसाहतीसमोर रेल्वेचं काम निघालं. चालू रुळांशेजारी नवा रूळ, आणि वरून उंच लोखंडी पूल. कंत्राटदाराची माणसं आली ती सातपुड्याच्या पायथ्याकडची, नवराबायको जोडीनं. पायात स्लिपर, डोक्याला रुमाल. वर पोरं उघड्या लोखंडावरून घरच्या ओट्यावरून चालावं तशी चालायची. खाली बायका रुळालगत खडी पसरायच्या आणि शेजारून गाड्या धडधडत जायच्या. गाडी आली हे ओरडून सांगायला एक माणूस असतो, गळ्यात शिट्टी, हातात झेंडी. तसा माणूस होता हो, नाही असं नाही. पण मुकादम त्याला चहा आणायला धाडायचा, नाहीतर सिमेंटच्या पोत्यांवर राखण बसवायचा. झेंडी आपली पोत्याखाली.

नानांना आणखी काय पाहिजे! त्यांनी वसाहतीच्या रुळांकडच्या भिंतीला खुर्ची लावली, खुर्चीवर उभे राहिले आणि सुरू झाले. "ओ लाल शर्ट, कमरेचा पट्टा कुठाय, डोक्यावर टोप कुठाय? ओ ताई, मागे बघा, मागे!" खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता. मी म्हटलं, "नाना, आधी स्वतःची खुर्ची बघा." तर मलाच म्हणतात, "तू धर ना मग!" आणि धरली की मी. गिरणी सोडून मी खुर्ची धरून उभी.

मुकादम चिडला. "नाना, ही तुमची एसटी नाही."

"म्हणून तर घसा फोडतोय! एसटी असती तर घंटी दिली असती."

"ह्या उन्हात डोक्यावर टोप घातला तर भेजा उकडेल त्यांचा. तेच नको म्हणतात."

"फडकं ओलं करा, खाली घाला, वरून टोप घाला. उकडायला भेजा डोक्यात राहिला तर पाहिजे ना?"

मुकादम हसला आणि निघून गेला. हे असं बरेच दिवस चाललं. आणि मग एका सकाळी रमीबाई पडली.

रमीबाई म्हणजे त्या बायकांतली सगळ्यात हसरी. डोक्यावर खडीचं घमेलं घेऊन रूळ ओलांडत होती. एका बाजूनं मालगाडी चाललेली, तिच्या आवाजात दुसऱ्या बाजूची गाडी तिला ऐकूच आली नाही. झेंडीवाला गेलेला चहाला. नाना भिंतीवरून असे ओरडले, असे ओरडले, की माझ्या गिरणीतल्या बाया बाहेर आल्या. रमीबाईनं घमेलं टाकलं आणि उडी मारली. कोपर फुटलं, गुडघे सोलले, पण जीव वाचला. गाडी गेली आणि ती खडीत बसून हसायलाच लागली. हसता हसता रडायला लागली.

नाना हसले नाहीत. घरी गेले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि रेल्वेच्या ऑफिसात गेले. माझ्या रागाला तर अशी उकळी फुटली होती की मीही गिरणीला कुलूप लावून सोबत गेले. पहिले साहेब म्हणाले, हे पुलाचं खातं, माझ्याकडे नाही. दुसरे म्हणाले, हे रुळाचं खातं, शेजारी जा. नानांनी मधोमध उभं राहून मोठ्यानं विचारलं, "मंग पुलावरून पडून रुळावर आलेला माणूस कोणाच्या खात्यात?"

सगळं ऑफिस थांबलं. नानांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि तक्रारही नोंदवून घेतली. साहेब येऊन पाहणी करतील असं सांगितलं. येताना नाना रिक्षात नुसते उसळत होते. "त्या कंत्राटदाराला एकदा बघायचाय मला! कोण्या घरचा शे, काय शे, बठ्ठं काढतो!"

बोलाफुलाला गाठ पडली म्हणायची. दुसऱ्याच दिवशी कंत्राटदार कामावर आला. पांढरी गाडी, पांढरे कपडे, मागे दोन माणसं. नाना बाह्या सरसावून भिंतीपलीकडे गेले, मी पाठोपाठ. गाडीतून माणूस उतरला आणि नानांचे सरसावलेले हात तिथंच थांबले.

ते त्यांचे व्याही होते. धुळ्याचे बापूसाहेब, मनीषाचे सख्खे सासरे!

व्याही कंत्राटं घेतात हे नानांना माहीत होतं, पण ती आपली तिकडची, रस्त्यांची. हे रेल्वेचं काम त्यांनी दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावाआडून घेतलेलं, फलकावर नाव त्यांचं नव्हतंच. आता मुलीच्या बापानं व्याही दिसल्यावर काय करायचं? गळाभेट! नानांनी मिठी मारली, आणि मिठीतूनच, त्यांच्या खांद्यावरून पुलाकडे बघत म्हणाले, "राम राम व्याहीबुवा. तब्येत बरी ना? विहीणबाई बऱ्या ना? तुमच्या माणसांना पट्टे नाहीत."

"राम राम," बापूसाहेब म्हणाले. "ती तक्रार तुम्हीच केली का?"

"मीच केली ती."

बापूसाहेबांनी आवाज खाली घेतला. माझ्यासमोर तरी कशाला आवाज खाली घ्यायचा, मला पिठाच्या गिरणीत कुजबूज ऐकू येते! ते म्हणाले, "व्याही, अखाजी जवळ आली. सूनबाई माहेरची आस लावून बसलीय. तक्रार मागे घ्या, मी स्वतः गाडीनं तिला सोडायला येतो."

आता तुम्ही खानदेशातले नसाल तर सांगते. तुमची दिवाळी, ती आमची अखाजी. चैत्र संपून अक्षयतृतीया आली की सासरी गेलेली प्रत्येक लेक माहेरी येते. झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, खापरावरचे मांडे आणि आमरस खातात. अखाजीला जिला माहेरी धाडलं नाही, तिचं काहीतरी बिनसलंय असं सगळं गाव समजतं. आणि नानांच्या घरी तर वर्षभरात तेवढाच एक सण होता. मनीषा यायची म्हणून ते महिनाभर आधी घराला चुना लावायचे.

त्या दिवसापासून नाना गप्प झाले. खुर्ची भिंतीला तशीच. गल्लीतून लोक स्टँड खाली ठेवून भुर्रकन जायला लागले आणि कोणी ओरडेना. मला ते सहन होईना. मी गिरणीतूनच ओरडले, "नाना, असं तोंड शिवून बसू नका. ओरडा बघू!"

ते ओट्यावर बसून होते. म्हणाले, "शोभाताई, ती रमीबाईसुद्धा कोणाची तरी लेक शे ना? तिच्याही घरी अखाजी असेलच." मग म्हणाले, "पण मनी पोरनं काय चुकनं?"

मी मशीन चालू केलं, तेवढंच मला येतं.

आणि मग बघा, एक दिवस नाना उड्या मारतच गिरणीत आले. डोळे असे चमकत होते की मला वाटलं, यांना ऊन लागलं. "शोभाताई, सापडलं! मुलीच्या बापाला तक्रार करता येत नाही. बरोबर? पण मान तर करता येतो! मान करायला कोण नाही म्हणेल?"

त्यांनी तिथूनच धुळ्याला फोन लावला. "व्याहीबुवा, पोरीच्या लग्नात तुमच्याकडच्या माणसांचा मान राहून गेला, ते मनाला लागून राहिलंय. भाऊकीला घेऊन या. टॉवेल-टोपी करायचीय."

बापूसाहेबांना वाटलं, व्याही नमला. आनंदी आनंद! आमच्याकडे टॉवेल-टोपीचं बोलावणं आलं की कोण मागे राहतो? फेटे बांधून दोन गाड्या भरून भाऊकी आणली त्यांनी, शिवाय एक म्हाताऱ्या आत्याबाई. मुलीचा बाप वाकतो कसा ते सगळ्यांनी बघावं म्हणून.

नानांनी मांडव घातला होता तो घरासमोर नाही, कामाच्या जागेला लागून. लग्नसराईतला बँडवाला ओळखीचा, तोही आला. बापूसाहेब गादीवर बसले. नाना उठले, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "पाव्हणे मंडळी, ह्या पुलावर काम करणारी माणसं कोणाची? व्याहीबुवांची. म्हणजे माझी कोण? वऱ्हाडी! मुलीच्या बापानं वऱ्हाडाचा मान आधी करायचा की नाही?"

"करायचा, करायचा!" भाऊकी म्हणाली. त्यांना काय माहीत!

"तर या मंडळी!"

आणि मजूर आले. ओळीनं. पुढे रमीबाई, कोपराला अजून पट्टी. मी आणि वसाहतीतल्या बायकांनी एकेकाला कुंकू लावलं. नानांनी एकेकाच्या डोक्यावर आधी ओला टॉवेल घातला आणि वर ठेवली टोपी. कुठली टोपी? पिवळंधमक हेल्मेट! टॉवेल-टोपी पूर्ण! हनुवटीखालचा पट्टा नाना स्वतः लावत होते, ओढून बघत होते, हातात नारळ देत होते आणि म्हणत होते, "आधी जीव, मंग गाव!" बाजारपेठेतल्या मारवाडी शेठजींनी ती हेल्मेटं निम्म्या भावात दिली होती आणि स्वतः बघायला येऊन उभे होते. बँडवाल्यानं नवरदेवाच्या मिरवणुकीचं वाजवायला सुरुवात केली. पोरं हेल्मेट घालून नाचायला लागली! मी तर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. बापूसाहेबांचा चेहरा मी सांगत नाही, तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. बोलता येईना, उठता येईना. आपल्याच माणसांचा मान होतोय, त्याला नको कसं म्हणायचं?

नाना शेवटी त्यांच्यापुढे आले. एक हेल्मेट त्यांच्यासाठीही होतं. "व्याहीबुवा, वऱ्हाडातलं माणूस माझ्या दारात पडलं तर नाव माझं जाईल हो."

बापूसाहेबांनी हेल्मेट हातात घेतलं. तेवढ्यात त्या आत्याबाईंनी तोंड उघडलं. देवानंच त्यांना आणलं होतं! म्हणतात, "काय रे बापू, आहेर लिसन असाच जाशी का? फिरवाले काही शे का नही?"

झालं! घेतलेला आहेर सवाईनं फिरवला नाही तर भाऊकीत तोंड दाखवता येत नाही. बापूसाहेब लालबुंद झाले, हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि म्हणाले, "बोला व्याही, काय देऊ?"

"उंचावर चढेल त्याला कमरेचा पट्टा. आणि रुळाशी शिट्टी-झेंडीवाला माणूस. त्यानं चहा आणायचा नाही, पोती राखायची नाहीत, डोळे गाडीवरून काढायचे नाहीत."

"दिलं!"

भाऊकीसमोर दिलेला शब्द. त्याच आठवड्यात पट्टे आले, झेंडीवाला उन्हात छत्री घेऊन जागेवर उभा राहिला. मग रेल्वेचे साहेबही पाहणीला आले, हेल्मेटवाल्यांसोबत फोटो काढून घेतले आणि छान काम चाललंय म्हणून गेले. जाऊ द्या, त्यांचंही पोट आहे.

पण मांडवातून निघताना बापूसाहेब नानांना बाजूला घेऊन म्हणाले होते, "आता तरी तक्रार मागे घ्या."

नाना म्हणाले, "व्याहीबुवा, मी घरी निजलो असताना झेंडीवाला कोणी हलवला तर? राहू द्या ती."

"मग अखाजीला पोरीची वाट बघू नका."

आणि खरंच नाही धाडलं हो तिला. जावईबापूंनी फोन केला, चाचरत चाचरत, की वडील ऐकत नाहीत. माझा असा संताप झाला! मी म्हटलं, "नाना, चला, मी येते धुळ्याला, त्या बापूसाहेबांना असं सुनावते." नाना म्हणाले, "नको. तू परत येशील. तिला तिथंच राहायचंय."

माझं स्वतःचं माहेर धुळ्याचं. अखाजीच्या सकाळी मी बसमध्ये चढले, तर नाना आधीच खिडकीशी बसलेले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. मी विचारलं, "कुठे निघालात?"

"स्टँडवर."

"कोणत्या?"

"धुळ्याच्या." एवढंच. पुढे एरंडोल गेलं, पारोळा गेलं, नाना खिडकीबाहेर बघत बसले. जुने सोबती भेटायचे असतील असं मी समजले आणि माहेरी गेले.

दुपार कलल्यावर परतीच्या बससाठी मी स्टँडवर आले आणि बघते तर काय! फलाटाच्या बाकावर नाना, आणि शेजारी मनीषा. नवी साडी, हातात बांगड्या भरलेल्या. मधे डबा उघडलेला. मांडे, आमरस. नाना बोटं चाटत होते आणि रस त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडला होता.

"काकू, या ना!" मनीषा म्हणाली. "डबा सासूबाईंनी भरून दिला. म्हणाल्या, बाजारात जाऊन ये, लवकर येऊ नकोस."

मी नानांकडे बघितलं. लेकीच्या घरचं पाणीही न पिणारा हा माणूस. ते म्हणाले, "काय चुकलं, सांग! मी तिच्या घरी जेवलो नाही. ती माहेरी गेली नाही. स्टँड काय कोणाचं घर शे? व्याहीबुवांचाही शब्द राहिला, माझाही राहिला." आणि हसले. मनीषाही हसली, पण तिचे डोळे काही हसत नव्हते. पिशवीतून नानांनी तिच्यासाठी आणलेली बांगड्यांची पेटी बाकावर उघडीच होती.

बस लागली. आम्ही दोघं चढलो, नाना खिडकीशी. मनीषा खाली उभी. नानांनी खिडकीतून हात बाहेर काढून तिचा हात धरला होता. कंडक्टरनं घंटी दिली, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मनीषाच म्हणाली, "नाना, हात आत घ्या. गाडी सुटली."

नानांनी ऐकलं नाही. बस हलली, ती दोन पावलं सोबत चालली, मग तिचा हात सुटला. बस स्टँडाबाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागली तरी त्यांचा हात खिडकीबाहेर तसाच होता. तो नवा कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला आणि म्हणाला, "बाबा, हात आत घ्या."

मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. तो पुढे गेला.